अठरा नेले, एकसष्ट आणले

माणसाला कुत्रा चावला तर शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. 'उप' चावला तर कोणी फिरकत नाही.

आमच्या चीनमध्ये रीत अशी आहे की उपप्रमुखाला हाक मारताना त्यातला 'उप' गिळून टाकायचा. सगळ्यांना ठाऊक असतं की समोरचा उपप्रमुखच आहे, त्यालाही ठाऊक असतं, पण हाक मारायची 'प्रमुख' अशीच. याला सभ्यपणा म्हणतात. लान्चौ शहराच्या पाणीपुरवठ्यात नळदुरुस्ती विभागाचा मी एकोणीस वर्षं उपप्रमुख होतो. शिपायापासून साहेबाच्या बायकोपर्यंत सगळ्यांनी मला, पेई हे आडनाव लावून, 'पेईप्रमुख' म्हटलं. एक इसम सोडून. तो इसम म्हणजे आमच्या विभागाचे पूर्ण, अखंड, बिनउपाचे प्रमुख, श्री. खौ.

निवृत्तीनंतर तरी सुटका व्हावी ना? पण खात्याने सगळ्यांना घरं दिली ती एकाच आवारात. मी दुसऱ्या मजल्यावर, खौप्रमुख तिसऱ्या. म्हणजे इथेही ते वरच. रोज सकाळी मी नूडल्स खायला निघालो की ते गॅलरीतून ओरडतात, "काय पेई उपप्रमुख, जेवलात का?" त्यातला 'उप' ते असा ठासून म्हणतात की तो कचऱ्याच्या डब्यांपर्यंत ऐकू जातो. सहा वर्षं मी हे ऐकतोय. मरण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, या माणसाने चारचौघांत मला 'पेईप्रमुख' म्हणावं, एवढी एकच इच्छा माझ्या मनात उरली होती. बाकी मला काही नको. दुखणारे गुडघे बरे व्हायला सुद्धा नकोत, त्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.

तर जुलै महिन्यात माझ्या बायकोच्या, म्हणजे रुईजनच्या, डोक्यात वाळवंट आलं. तिच्या नाचाच्या गटातल्या बायकांना वाळूच्या टेकडीवर रंगीत ओढण्या उडवत फोटो काढायचे होते. अठरा जण जमले तर चुंगवेई शहरापलीकडच्या वाळवंटात नेणारी अख्खी बस आपली, असं सहल कंपनीने सांगितलं होतं. जुलैत वाळवंटात कशाला, असं मी विचारलं. "जानेवारीत ओढणी उडते का?" असं उत्तर मिळालं.

आवारात सभा झाली. खौप्रमुख गटप्रमुख झाले, आपोआप, कोणी न विचारता. मग त्यांनी माझ्याकडे बघून जाहीर केलं, "आणि उपगटप्रमुख म्हणून आपले पेई उपप्रमुख."

घरी येताना जिन्यात, 'लाओ' म्हणजे सलगीचं 'म्हातारबुवा' लावून, रुईजन म्हणाली, "लाओ पेई, तू सहलीत सुद्धा उपच? अरे, वाळवंटात काय खातं आहे का?"

"कामाची वाटणी असते," मी म्हणालो.

"हो. तो मिरवणार आणि तू ओझी उचलणार. छान वाटणी आहे."

सल्ले द्यायला तर सगळं आवार फुटलं होतं. एकाने सांगितलं काकड्या न्या, पाण्यापेक्षा काकडी बरी. दुसऱ्याने सांगितलं काकडी मुळीच नेऊ नका, उंट मागे लागतात. तळमजल्यावरचे औषधवाले ऊन लागल्यावर घ्यायच्या एका तपकिरी कडू औषधाच्या दोन पेट्या घेऊन आले आणि म्हणाले, पिण्याची गरज नाही, नुसता वास घेतला तरी बेशुद्ध माणूस उठून पळतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या शान आजींनी मात्र एकच अट घातली. "मला गरम पाणी लागतं. उकळलेलं. ते मिळणार असेल तर मी येते." मिळेल, असं मी म्हणालो. गरम वाळवंटात गरम पाण्याला काय तोटा, असा माझा भाबडा समज.

त्यात पासष्टच्या पुढच्यांना दवाखान्याचा दाखला आणि मुलाचं संमतीपत्र हवं असं निघालं. दवाखान्यातल्या बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "एकशे बावन्न. कशाने वाढला?" मी म्हटलं, या फॉर्मने. त्यांनी अर्धा तास बाकावर बसवलं. बाकावर शेजारी खौप्रमुख होते. "काय पेई उपप्रमुख, रक्तदाब?" असं त्यांनी विचारलं आणि आकडा एकशे साठावर गेला. तिसऱ्या दिवशी तो उतरला. मग संमतीपत्र. ज्या मुलाला शाळेच्या सहलीसाठी मी सह्या दिल्या, त्याने शन्चनहून माझ्यासाठी लिहून पाठवलं, 'वडील स्वभावाने आज्ञाधारक आहेत. गर्दीत एकटे सोडू नये.' हे पत्र सहल कंपनीच्या मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. खौप्रमुखांचं पत्र तिने वाचलं नाही, नुसता शिक्का मारला.

असो. आम्ही निघालो. बसमध्ये पाच तास उकडलेल्या अंड्यांचा वास आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. आमच्या गाईड थुओताई, वय पंचेचाळीसच्या आसपास, सोळा वर्षं ओरडून ओरडून आवाज फाटलेल्या. त्यांच्या हातात एक लांबवता येणारी पोलादी काठी होती, तिला छोटा लाल झेंडा आणि टोकाला एक कापडी उंट. उंटाचा एक कान तुटलेला. त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक लाल टोपी दिली आणि धडा दिला.

"काका, मावशी, सगळ्यांनी नीट ऐका. माणसं हरवतात, झेंडा हरवत नाही. डोळे फक्त झेंड्यावर. झेंडा वर, तर चालायचं. झेंडा खाली, तर बसायचं. मी खड्ड्यात पडले तरी माझ्याकडे बघायचं नाही, झेंड्याकडे बघायचं. कळलं?"

"कळलं!" अठरा जण ओरडले. आम्हाला शाळेपासून हीच सवय.

वाळवंटात पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. ऊन असं की बोलायला तोंड उघडलं तर जीभ वाळत होती. बुटांवर नारिंगी कापडी पिशव्या चढवून, गुडघ्याशी बांधून, आम्ही पाच पाच उंटांच्या माळेवर बसलो. पहिल्या उंटावर छत्री उघडून खौप्रमुख. तिथून ते मागे वळून सूचना देत होते, पाठ ताठ ठेवा, एकमेकांत अंतर ठेवा, शान आजी हसू नका. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि हाकल्या जाणाऱ्यांत मी होतो.

उंटांनी आम्हाला टेकड्यांच्या आत एका सपाट जागी उतरवलं. तिथे आणखी तीन गट बसले होते, त्यांच्या डोक्यावरही आमच्यासारख्याच लाल टोप्या. त्यांचे तिन्ही गाईड परतीच्या उंटांच्या नंबरावरून तिकिटाच्या खिडकीपाशी भांडत होते. इथे शान आजींनी थर्मास उलटा केला. एक थेंब पडला.

"पाणी संपलं," त्या म्हणाल्या.

थुओताईंनी गार पाण्याच्या चोवीस बाटल्यांचं खोकं पुढे केलं. शान आजींनी अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांना विष दिलं. "चाळीस डिग्रीत गार पाणी? पोटात गोळा येऊन मी इथेच मरू का?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या आणि आपापले रिकामे थर्मास काढले. खोक्याला कोणी हात लावला नाही. मीही नाही. काही गोष्टींत माणसाने शहाणपणा दाखवू नये.

"मागच्या चहाच्या टपरीवर मिळेल. दहा मिनिटांत आणते," थुओताई म्हणाल्या आणि त्यांनी झेंडा पुढे केला. "गटप्रमुख काका, एवढं धरा. जागचा हलवू नका."

खौप्रमुखांच्या एका हातात छत्री होती, दुसरा मोकळा होता. पण आयुष्यात त्यांनी स्वतः काही धरलं असेल तर ते फक्त पेन. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेई उपप्रमुख, धरा."

मी धरला. थुओताई थर्मासांचा खुळखुळाट करत गेल्या.

आता खरं तर मी तिथे खांबासारखा उभा राहिलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रुईजन आणि तिच्या चार मैत्रिणी ओढण्या घेऊन पुढच्या टेकडीवर गेल्या होत्या. खौप्रमुख म्हणाले, "त्यांना बोलवा. शिस्त राहिली पाहिजे." मी ओरडलो, वाऱ्याने ओरडणं परत माझ्याच तोंडात घातलं. झेंडा वाळूत रोवला, तो पडला. पुन्हा रोवला, पुन्हा पडला. तेव्हा झेंडा घेऊनच मी टेकडी चढलो. वर पोचलो तर बायका त्याच्या पुढच्या टेकडीवर. तिथे म्हणे उजेड जास्त चांगला होता. मी उतरलो, चढलो. त्या आणखी पुढे. उजेडाच्या मागे बायका आणि बायकांच्या मागे मी, असं पाच टेकड्या चाललं. वारा वाढला होता, वाळू तोंडावर आपटत होती, मान खाली घालून मी चालत होतो. हातातला झेंडा मात्र, सोपवलेली वस्तू म्हणून, उंच धरला होता.

शेवटी रुईजनला गाठलं. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि तिची ओढणी हातातून सुटली.

"लाओ पेई," ती म्हणाली, "हे सगळे कोण?"

मी वळलो. टेकडीच्या माथ्यापासून पार खालपर्यंत लाल टोप्यांची रांग माझ्यामागून येत होती. मी थांबलो, रांग थांबली. धक्क्याने माझा हात खाली आला. झेंडा खाली आला. सगळे मुकाट्याने वाळूवर बसले, आणि वाळू भाजल्यावर सगळे एकदम उठले.

उंटांनी उतरवलं ती सपाट जागा कुठेच दिसत नव्हती. आमच्या पावलांच्या खुणा वाऱ्याने पुसून टाकल्या होत्या. चारी बाजूंना सारख्याच टेकड्या. मोबाईलवर एकही रेघ नाही. माझ्या पोटात खरोखरच गोळा आला, आणि तोही गार पाणी न पिता.

"मोजा," मी म्हणालो. "पहिल्यापासून आकडे म्हणा."

एक, दोन, तीन, अशी सुरुवात झाली. अठरा आला. मी हुश्श केलं. मग एकोणीस आला. वीस, एकवीस, चाळीस. एकसष्टवर थांबलं.

"चूक झाली," मी म्हणालो.

"चूक नाही," रांगेतून एक ठणठणीत आवाज आला. त्या तौ बाई, शीआनमधल्या शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. "मी मनात दोनदा मोजलं. एकसष्टच. तुमचे अठरा वजा केले तर उरलेले त्रेचाळीस. आम्ही त्यातलेच."

"पण बाई, तुमचा झेंडा कुठला?"

"आमच्या झेंड्याला बदक आहे."

"मग उंटामागे का आलात?"

तौ बाईंनी मठ्ठ विद्यार्थ्याकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "झेंडा वर होता. वर असला की चालायचं. तुम्हाला गाईडने शिकवलं नाही का?"

तेवढ्यात छत्री सावरत खौप्रमुख वर आले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण आवाज तोच, सोमवारच्या बैठकीचा. "परिस्थिती गंभीर आहे. निर्णय मी घेतो. आपण डावीकडे जायचं. पेई उपप्रमुख, झेंडा इकडे द्या."

आणि माझा हात पुढे झाला. एकोणीस वर्षांची सवय. फायली दिल्या, नकाशे दिले, माझ्या नावाचे अहवालसुद्धा दिले, हात आपोआपच जातो. काठी माझ्या बोटांतून सुटणारच होती.

"हात मागे घे," रुईजन म्हणाली. मोठ्याने नाही. पण लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की मोठ्याने बोलायची गरज नसते.

मी हात मागे घेतला. "खौप्रमुख," मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा चिरकला हे मी कबूल करतो, "झेंडा मला धरायला सांगितलाय. मी तो देणार नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

खौप्रमुखांचा चेहरा बीटासारखा लाल झाला. "ठीक आहे! ज्यांना वाचायचं असेल त्यांनी माझ्यामागे या!" असं म्हणून ते छत्री उंचावून डावीकडे निघाले. चाळीस पावलं गेले. मागे वळून पाहिलं. साठ माणसं जागच्या जागी उभी होती, कारण छत्री म्हणजे काही झेंडा नव्हे. ते थोडा वेळ क्षितिजाकडे बघत राहिले, जणू पाहणीसाठीच गेले होते, आणि परत आले. "तिकडे नुसती वाळूच आहे," त्यांनी अहवाल दिला.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. शान आजींचे ओठ सुकले होते. तौ बाईंच्या गटातले एक जाडे गृहस्थ धापा टाकत होते. मला वाटलं, आपण कसले पुढारी, आपण नळवाले. आणि नळाचा विचार डोक्यात आला तसा तो समोर दिसलाही.

खालच्या उतारावर वाळू पळून जाऊ नये म्हणून गवताच्या काड्या दाबून केलेले चौकोन होते. प्रत्येक चौकोनात एक खुरटं झुडूप. आणि झुडपांच्या बुडातून जाणारी, करंगळीएवढी बारीक काळी नळी.

मी घसरतच खाली गेलो. गुडघे टेकले, हो, तेच गुडघे, आणि नळी चाचपली. एक सांधा ढिला होता, त्यातून पाण्याची चिळकांडी उडाली. इतकं गरम की बोट भाजलं.

शान आजी मागेच होत्या. थर्मास पुढे करून म्हणाल्या, "वा! उकळलंय!"

"आजी, थर्मास मागे घ्या. नदीचं न गाळलेलं पाणी आहे हे. पाणीपुरवठ्याचा माणूस तुम्हाला हे पिऊ देणार नाही."

मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी निमूट झाकण लावलं. मग मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, "पाणी जाड नळीतून बारीक नळीत येतं. आपण उलटं जायचं. बारीककडून जाडीकडे. जाड नळीच्या शेवटी पंप असतो आणि पंपापाशी माणूस. चला."

झेंडा वर केला. एकसष्ट माणसं चालू लागली.

या विषयात मी थोडं बोललो तर मला माफ करा. आमच्या विभागात नकाशावर सही करायचे खौप्रमुख. नकाशात नसलेला नळ रस्त्याखाली कुठे फुटलाय ते शोधायला जायचो मी. आमच्या शहरात असे नळ आहेत की ते कोणी घातले ते देवालाच माहीत, आणि त्यालाही खात्री नाही. त्या नळांना मी एक एक करून ओळखतो. आता करंगळीची नळी अंगठ्याएवढी झाली, अंगठ्याची मनगटाएवढी, आणि मग एका जागी लोखंडाची झाली. मागून तौ बाई दर शंभर पावलांना आकडे म्हणवून घेत होत्या. एकसष्ट. एकसष्ट. काकड्या हातोहात फिरत होत्या. औषधवाल्यांची बाटली जाड्या गृहस्थांच्या नाकाखाली धरली तर ते रांगेत सगळ्यांच्या पुढे निघून गेले. आणि नेमका तेव्हाच तो लोखंडी नळ एका मोठ्या टेकडीच्या पोटात शिरला आणि दिसेनासा झाला.

लोक थांबले. कोणीतरी रडायच्या बेतात असल्याचा आवाज आला.

खौप्रमुख माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी काही सुचवलं नाही.

मी झेंड्याची काठी मोकळ्या टोकाने वाळूत खुपसली. काही नाही. हातभर बाजूला खुपसली. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी हातभर खोलीवर टण् असं लागलं. मी काठीचं दुसरं टोक कानाशी लावलं, कापडी उंटासकट. आमच्या धंद्यात गळती अशीच शोधतात, काठीचं एक टोक नळावर, दुसरं कानाला. मी अशा काठीला कान लावून शहर झोपलेलं असताना कित्येक वर्षं काढली आहेत. झेंडा खाली गेल्यामुळे साठ जण वाळू भाजत असतानाही खाली बसले होते. कोणी खोकलं सुद्धा नाही.

खौप्रमुख हळूच म्हणाले, "काय ऐकू येतंय, लाओ पेई?"

धक, धक, धक. दूरवर, अगदी बारीक, पण नेमाने.

"पंप चालू आहे," मी म्हणालो. "या दिशेला."

मी वीस पावलं गेलो, खुपसलं, ऐकलं. आणखी वीस पावलं. आवाज वाढला. टेकडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा काठी लावायची गरजच राहिली नाही. खाली पिवळी नदी वळण घेऊन वाहत होती, तिच्या काठावर पंपाची खोली होती, आणि खोलीच्या दारात एक राखणदार स्टुलावर बसून नूडल्स ओरपत होता. आम्हाला उतरताना बघून त्याच्या खायच्या काड्या तोंडातच राहिल्या.

"किती जण आहात?" त्याने विचारलं.

"एकसष्ट," तौ बाई म्हणाल्या.

शान आजींनी त्याच्या खोलीत डोकावून पाहिलं. चुलीवर किटली होती. किटलीला वाफ येत होती. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तिथून वाळवंटात शिरायचं मुख्य फाटक एक किलोमीटर होतं, आणि चांगला बांधलेला रस्ता होता.

फाटकावर भोंगे ओरडत होते. तीन गाईड एकमेकांना दोष देत होते आणि थुओताई पायरीवर बसून रडत होत्या, भोवती भरलेले गरम थर्मास. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि मला मिठीच मारली. पण मागोमाग सुरक्षा कचेरीचा अधिकारी फॉर्म घेऊन आला.

"गट विनापरवाना आत नेला कोणी? झेंडा परक्या हातात दिला कोणी? गाईडने दिला असेल तर तिचा परवाना जमा होईल." त्याने पेनाचं टोपण काढलं. "जबाबदार व्यक्तीचं नाव?"

थुओताईंचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार होतो. एकोणीस वर्षं शहरात कुठेही नळ फुटला की या प्रश्नाला खौप्रमुखांचं उत्तर ठरलेलं होतं, 'पेई उपप्रमुखांना विचारा.' मला ते पाठ होतं. मी पाऊल पुढे टाकलं सुद्धा.

"माझं लिहा," मागून आवाज आला.

खौप्रमुख छत्री मिटून पुढे आले. "मी गटप्रमुख. झेंडा धरायला मला सांगितला होता, मी धरला नाही. मी दुसऱ्याला दिला. बायकांना बोलवायला मीच पाठवलं. चूक माझी, गाईडची नाही. लिहा, खौ." अधिकारी लिहू लागला. खौप्रमुखांनी त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "आणि खाली हेही लिहा. या सगळ्यांना वाळवंटातून बाहेर काढलं ते पेईप्रमुखांनी."

"पद काय म्हणालात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"प्रमुख," खौप्रमुख मोठ्याने म्हणाले. "पेईप्रमुख. ऐकू येत नाही का?"

तौ बाईंनी टाळ्या सुरू केल्या आणि मग साठ जणांनी. मला रडू आलं. वाळू गेली डोळ्यांत असं मी म्हणणार होतो, पण कशाला खोटं बोला? पुन्हापुन्हा मोजलेल्या साठ माणसांसमोर, भर फाटकात, मी ढसाढसा रडलो. रुईजनने मला तोंड पुसायला तिची फोटोची ओढणी दिली, यावरून काय ते समजा. थुओताईंचा परवाना वाचला. खौप्रमुखांना एकपानी लेखी समज मिळाली, ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

मी झेंडा थुओताईंना परत दिला. त्यांनी नाक पुसलं, काठी उंच केली आणि फाटक्या आवाजात ओरडल्या, "माझे अठरा जण, चला!"

कोणी हललं नाही. अठरा नाहीत आणि त्रेचाळीसही नाहीत. सगळ्या लाल टोप्या माझ्याकडे वळल्या होत्या. माझ्या दोन्ही हातांत आता काहीच नव्हतं. खौप्रमुखांनी घसा खाकरला.

"पेईप्रमुख," ते म्हणाले, "बस कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे," मी म्हणालो आणि चालू लागलो.

बस डावीकडे होती. पण हे बऱ्याच वेळाने कळलं, आणि तोवर एकसष्टांपैकी एकानेही तोंडातून ब्र काढला नाही.